डाव्या चपलेची टाच

मंगळवार, संध्याकाळ

आज बागेत 'ताई ची' या चिनी व्यायामाच्या वर्गात पडता पडता वाचलो. मी, म्हणजे शिकवणारा. बाभुळगावच्या कचेरीत असताना परिपत्रकं पाठ करायचो, तशाच या हालचाली मोबाईलवर पाहून पाठ केल्या. चार वर्षं सगळ्यांना सांगतोय, आधी शरीराकडे लक्ष द्या. आज म्हटलं, डोळे मिटा आणि वजन कोणत्या पायावर आहे ते सांगा. स्वतःही मिटले. मलाच कळेना. तोल गेला, बाकाला धरलं.

बाग झाडणारी सोनाबाई जवळच होती. तांड्यावरची, जन्मभर डोक्यावर पाणी वाहिलेली. म्हणाली, "सर, तुमचा सारा भार डाव्या टाचेवर पडून राह्यला."

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुले काय समजते त्यातलं? तू आपली बाग झाड."

काहून बोललो असं? खरं होतं म्हणून?

ती झाडू न थांबवता म्हणाली, "मले काही नाही समजत, सर. तुमच्या चपला दिसल्या फक्त."

घरी येऊन दारातच पाहिलं. डाव्या चपलेची टाच पार झिजलेली. दोनदा मोच्याकडून बदलून घेतली, दोन्ही वेळा चप्पलच वाईट म्हणालो. रोज तीच काढून ठेवतो आणि लोकांना शरीर ओळखायला शिकवतो.

उद्या सोनाबाईची माफी मागायला हवी, तीही सगळ्यांसमोर. ते माझ्याच्यानं होणार नाही. एवढं मात्र डोळे मिटूनही कळतं.