मुलाकडून घेतलेल्या जुन्या कपड्यांची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, धंद्याने शिंपी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, विधुर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणी भरीस न घालता लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. छातीबद्दल त्यांनी दिलेला कागद वेगळा आहे आणि त्यात चांगले काही नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायचे ठरवले नव्हते.

कलम एक. राहत्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलीला द्यावी. आजारपणात तिने माझे सगळे केले आणि वर माझी बोलणीही खाल्ली. पुढच्या खोलीच्या खिडकीची कडी बसत नाही. ती आधी दुरुस्त करावी, मग काय रडायचे ते रडावे.

कलम दोन. शिवणयंत्र विकावे, पण पहिल्या येणाऱ्याला देऊ नये. जो हाताने चाक फिरवून आवाज ऐकेल त्याला द्यावे. मोठी कात्री माझ्या मुलाला. त्या कात्रीने कागद कापू नये.

कलम तीन. उभा आरसा समोरच्या तयार कपड्यांच्या दुकानदाराला द्यावा. तीस वर्षे त्याचा माझ्या आरशावर डोळा आहे आणि माझा त्याच्यावर राग. त्याचे कपडे अंगावर कसे दिसतात ते एकदा त्यालाही दिसू दे.

कलम चार. माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात पुरुषांचे शर्ट, स्वेटर आणि जाकिटे आहेत. ती सगळी मी माझ्या मुलाकडून विकत घेतली आहेत आणि हे त्याला माहीत नाही. याचा खुलासा करणे भाग आहे.

मुलगा माझ्याच हाताखाली शिकला. हात चांगला होता, माझ्यापेक्षा हलका. मग एके दिवशी म्हणाला, "बाबा, लोकांची कपाटं भरून वाहतायत. नवीन शिवून काय करायचं? आहेत तेच कपडे नीट करून विकू या. फोनवर सगळं होतं आता."

मी म्हणालो, "लोकांच्या अंगावरून उतरलेलं विकणारा माणूस माझ्या घरात नको."

"मग मी जातो."

"जा."

त्या एका शब्दाला बारा वर्षे झाली. त्याच्या आईने दोन्हीकडे निरोप नेले आणि नेता नेता ती गेली. तेव्हा तो आला होता. दाराशी चपला न काढता उभा राहिला, बहिणीच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता परत गेला. माझे चुकले असे मी येथे लिहिणार नाही. मृत्युपत्रात वस्तूंची वाटणी करायची असते.

पुढे मुलीने फोनवर त्याचे दुकान दाखवले. प्रत्येक कपड्याचा फोटो, खाली माप, खाली भाव. माप काखेपासून काखेपर्यंत, कपडा सपाट पसरून, मी शिकवले तसे. मी तिला म्हणालो, "बंद कर ते." दुसऱ्या दिवशी गल्लीच्या टोकाच्या बटणवाल्याकडे गेलो. तो माझा चाळीस वर्षांचा दोस्त. त्याने मला खाते काढून दिले, नाव ठेवले 'हौशी ग्राहक', आणि पत्ता लिहिला त्याच्या मेहुण्याच्या गोदामाचा, शहराच्या दुसऱ्या टोकाचा. तिथून पार्सल तो आणायचा.

पहिली विचारणा निळ्या शर्टाची. भाव साडेतीनशे.

मी लिहिले, "जास्त होतात. कॉलर घासलेली दिसतेय."

"कॉलर उलटवून शिवलीय साहेब. फोटो मोठा करून बघा."

"दोनशे."

"दोनशेत हँगर येईल."

मला हसू आले. हा उद्धटपणा दुसऱ्या कोणाचा नव्हता, माझाच होता. मी विचारले, "कॉलर उलटवायला कोणी शिकवलं?"

"वडिलांनी. आता नाहीत ते."

बटणवाल्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो झटकला आणि लिहिले, "वाईट वाटलं. अडीचशे?" तो तीनशेवर थांबला आणि मी हो म्हणालो. घरी येताना मनाला समजावत होतो की दुःख सांगून भाव टिकवणे ही धंद्यातली जुनी विद्या आहे, पोराने तेवढेच केले असेल. मनाला ते पटले नाही. त्या रात्री मी जेवलो नाही.

पण पुन्हा गेलो. कारण सांगतो. भाव एका दमात मान्य केला की पार्सल येते आणि बोलणे संपते. दहा-वीससाठी ताणून धरले तर आठवडाभर बोलणे चालते. मी चिकट म्हणून प्रसिद्ध झालो. तो लिहायचा, "साहेब, तुमच्याशी सौदा म्हणजे दात काढून घेणं आहे." मी लिहायचो, "मग काढा." असे करत त्याच्याकडे पाऊस आहे का, खोकला बरा झाला का, दुकानाला मदतनीस मिळाला का, एवढे मला कळत राहिले. आलेला कपडा मी घडी न मोडता कपाटात ठेवायचो. उतरलेले अंगाला लावायचे नाही असे मी बोलून बसलो होतो आणि बोललेले मोडायची मला सवय नाही.

हे कपडे कोरे आहेत म्हटले तरी चालेल. ते मुलाला परत द्यावे, म्हणजे त्याला पुन्हा विकता येतील.

कलम पाच. माझ्या पश्चात मुलाला सांगावे की तो चिकट ग्राहक त्याचा बाप होता.

इथवर काल लिहून झाले आणि बटणवाल्याचा फोन आला, "मास्तर, कोट आलाय." करड्या कोटाचा हा सौदा जवळजवळ महिनाभर चालला होता. त्याच्या दुकानात मी तो उघडला. कोट घडीत नव्हता, म्हणून घरी कपाटात नेण्याआधी शिंप्याच्या सवयीने दोन्ही बाह्या जुळवून धरल्या. डावी बाही दीड इंच आखूड. माझे पित्त खवळले. असे काम माझ्या हाताखालून गेलेला माणूस करतो?

"लिही त्याला," मी म्हणालो, "पैसे परत कर म्हणावं."

"एवढं वाईट दिसतंय का?"

"थांब, घालूनच दाखवतो."

घातला. दोन्ही बाह्या मनगटावर येऊन बरोबर थांबल्या. तरुणपणी स्टुलावरून पडून माझा डावा हात मोडला होता आणि वाकडा जुळला. तो उजव्यापेक्षा दीड इंच कमी आहे. आतून बघितले तर हातशिलाई होती, बारीक, हलक्या हाताची.

बटणवाला म्हणाला, "मास्तर, बसला की."

मी तसाच घरी गेलो आणि कपाट रिकामे केले. एकेक कपडा अंगात घातला. मुलगी दारात येऊन म्हणाली, "बाबा, काय चाललंय तुमचं?" मी म्हणालो, "मापं बघतोय." पहिल्या निळ्या शर्टाची डावी बाही बोटांपर्यंत आली. त्याच्यानंतरचा प्रत्येक कपडा मला बसला. त्याने मला कशावरून ओळखले ते सांगता येत नाही. काज हाताचे की मशीनचे, असे मी दुसऱ्या खेपेला विचारले होते. बहुधा तिथेच. म्हणजे पहिल्या शर्टाच्या वेळी मी मेलेला होतो आणि दुसऱ्यापासून जिवंत. तोही इतकी वर्षे मुद्दाम भाव अडवून धरत होता. आणि मी एकदाही घालून बघितले नाही. याचे मला जे दुःख झाले तसे मुलांची आई गेल्यापासून झाले नव्हते.

आज सकाळी मी त्याला लिहिले, "कोट बसला."

उत्तर आले, "फार वेळ लावलात, बाबा." आणि थोड्या वेळाने, "पुढच्या महिन्याच्या शेवटी येतो. घरी."

डॉक्टरांचा छातीबद्दलचा कागद पुढच्या महिन्याच्या शेवटापर्यंत जात नाही. मुलगी शेजारी उभी होती, तिला रात्रीच सगळे सांगितले होते. म्हणाली, "त्याला सांगा लवकर यायला. नाहीतर मी करते फोन." मी तिला शपथ घातली. आयुष्यभर मी कोणाचा पहिला आकडा मान्य केला नाही. पण बारा वर्षांनी पोराने स्वतःहून काही देऊ केले आणि त्यात घासाघीस करायला माझी जीभ रेटेना. शिवाय फार ताणले की समोरचा निघून जातो, हे मी एकदा करून पाहिले आहे. मी लिहिले, "चालेल."

म्हणून कलम पाच रद्द. कलम चारमधील कपडे विकू नयेत, दोन्ही हात सारखे असलेल्या माणसाला त्यातले काहीही बसणार नाही. पहिला निळा शर्ट तेवढा मुलाने स्वतः वापरावा. करडा कोट माझ्या अंगावरच राहू द्यावा.

कलम सहा. हे शेवटचे. हे कलम आणि याच्या वरचे कोटापासूनचे लिखाण मुलासमोर वाचू नये. तो येईल तेव्हा मी नसलो, तर मुलीने दार उघडावे, त्याला आधी बसायला सांगावे आणि एवढेच सांगावे की तारीख बाबांना पसंत होती. डॉक्टरांचा कागद त्याला दाखवू नये.

या सर्वाची अंमलबजावणी बटणवाल्याने करावी. त्याने होकार दिला आहे आणि तेव्हापासून तो माझ्याशी भांडलेला नाही. वरील मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला, त्यांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

सही: शिंपी, मृत्युपत्र करणार

साक्षीदार पहिली: तळमजल्यावरची इस्त्रीवाली बाई. (साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणतात, म्हणून कापायचे टेबल मी तिला परवाच देऊन टाकले.)

साक्षीदार दुसरा: कोपऱ्यावरचा औषधवाला

स्थळ: बटणवाल्याच्या दुकानाची मागची खोली

दिनांक: चालू महिन्याची अठ्ठावीस