बाहेर पडल्याची नोंद नाही

सोमवार, ३
नवी नोकरी, नवं टेबल, तेही खिडकीशी. औषधांच्या कारखान्यातली प्रेशर गेज तपासायची. एका बाजूला आमचं मास्टर गेज, दुसऱ्या बाजूला तपासायला आणलेलं. दाब वाढवायचा आणि दोन्ही काटे जुळतात का पाहायचं. नाही जुळले तर आणलेलं बाद. मास्टरवर शंका घ्यायची नसते. शेजारच्या टेबलावरच्या ताई म्हणाल्या, एवढी टापटीप मुलगी इथे टिकायची नाही. जुन्या नोकरीची पडताळणी झाली की कायम करतील. नुसती औपचारिकता, म्हणे.

शुक्रवार, ७
औपचारिकता अडली. पडताळणीवाल्या बाईंचा फोन आला. जुन्या कंपनीने कळवलंय, मी अजून तिथेच कामाला आहे. राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र पाठवलं, तर म्हणाल्या, पत्र काय हो, कुणीही छापतं. दोन्हीकडे पगार घेणारे आम्ही रोज पकडतो. महिनाअखेरपर्यंत उलगडा झाला नाही, तर ही नोकरी गेली.
कारण मला सापडलं. तिथल्या शेवटच्या दिवशी वीज गेली होती, हजेरीचं यंत्र बंद होतं. वॉचमनकाका म्हणाले, जा गं पोरी, एका दिवसाने काय बिघडतंय. बाहेर पडताना बोट टेकवलंच नाही. यंत्राच्या लेखी मी आतच.

मंगळवार, ११
फोन, मेल, पुन्हा फोन. हा त्याच्याकडे पाठवतो, तो जेवायला गेलेला असतो. शेवटी जुने साहेब फोनवर आले. बाहेर पडल्याची नोंद करा, एवढंच मागितलं. म्हणाले, चेष्टा पुरे, काचेतून दिसतेयस मला. जागेवर बसून फोन कसले करतेस?
साहेब चेष्टा करत नाहीत. दोन वर्षांत एकदाही केली नाही.

शुक्रवार, १४
बाई स्वतः तिकडे जाऊन आल्या. तिथे मी भेटले त्यांना. चेहरा जुळला, सही जुळली, बोट जुळलं. फार शांत मुलगी, म्हणाल्या. आता तुम्ही कोण, तेवढं सांगा.
ताई आज दुसरीकडे जेवल्या.

सोमवार, १७
इथल्या यंत्राने माझं बोट घेतलं नाही. पुसलं, धुतलं, पुन्हा टेकवलं. नाही. पाहुण्यांचा पट्टा गळ्यात घालून आत आले— माझ्याच टेबलाशी.
आईला फोन केला. म्हणाली, अगं आत्ताच तर बोललो, किती वेळा करशील? आणि मघाशी आवाज बरा होता तुझा.

मंगळवार, १८
उद्या समोरासमोर पडताळणी. तिकडे बसलेल्या तिला बोलावलंय.
भिंगाखाली बोट पाहिलं. रेषा नाहीत. गुळगुळीत—

बुधवार, १९
आली. ताईंनी तिला चहा दिला. खिडकीशी बसवलं. मला समोर, स्टुलावर.
ती माझ्याकडे पाहतेय. रागाने नाही— मी गेजकडे पाहते, तशी.
तिच्यावर शंका घ्यायची नाही. तपासायला आणलेली मी—
बाई नाव विचारतायत. तोंडातून येत नाहीये. ती मात्र लगेच बोलली, माझ्याच आवाजात. मी लिहून देते, सोपं आहे, रोज लिहिते मी ते—
माझं नाव