एका प्लॅनमधली पाच माणसं

४ फेब्रुवारी

चि. चिक्कूशेठ यास,
ताईचे अनेक आशीर्वाद, आणि एक टपली.

फोन सोडून पत्र आलं म्हणून दचकू नकोस. मी धडधाकट आहे. मागच्या सोमवारी मी घर सोडलं. सध्या एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत राहते. खालून दिवसभर इस्त्रीची वाफ येते, त्यामुळे थंडीत खोली छान ऊबदार असते. उन्हाळ्यात काय होईल ते तेव्हा बघू. लाँड्रीवाल्या बाईंचं शिलाई मशीन मी गेली बारा वर्षं दुरुस्त करते, म्हणून त्यांनी आगाऊ भाडं मागितलं नाही.

तुला फोन का केला नाही ते आधी सांगते, नाहीतर तू रुसून बसशील. चार वर्षांपूर्वी तू मोठ्या हौसेने आम्हा सगळ्यांना एका फॅमिली प्लॅनमध्ये आणून बसवलंस. तुझे भावोजी, मी, गावाकडच्या सासूबाई, तू आणि तुझी बायको. पाच नंबर, एक बिल, आणि ते भावोजींच्या नावावर. त्या बिलाबरोबर दर महिन्याला यादी येते. कोणाच्या फोनवर कोण, किती वाजता, किती मिनिटं, आलेले गेलेले सगळे. मी नवा साधा नंबर घेतलाय, पण त्यावरून तुझ्याशी एकदा बोलले की तो यादीत जाईल आणि मग दिवसातून वीस वेळा घंटी वाजत राहील. तेव्हा पत्रच बरं.

घर का सोडलं ते पुढे कधीतरी लिहीन. आत्ता काम एकच आहे. तिसऱ्या दिवशी तुझ्या भावोजींनी माझा जुना नंबर बंद केला. मी दुरुस्त केलेल्या प्रत्येक मशीनच्या खणात माझ्या नंबराची चिठ्ठी चिकटवलेली आहे. मशीन अडलं की बाया खण उघडतात आणि त्या नंबरावर फोन लावतात. एकोणीस वर्षं हाच माझा धंदा आणि हीच माझी जाहिरात. महिन्याभरात शाळेच्या गणवेशांची शिलाई सुरू होईल, माझी वर्षाची निम्मी कमाई त्या तीन महिन्यांतली असते. तो नंबर नसेल तर मला इथे भाडं भरता येणार नाही, इतकं सरळ आहे.

प्लॅन तू आणलास, आता तूच शोधून काढ, माझा नंबर माझ्या नावावर कसा करायचा ते. उत्तर लाँड्रीच्या पत्त्यावर पाठव. आणि लोभ आहे तसाच राहू दे, त्याला रिचार्ज लागत नाही.

तुझी,
ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बायकोला दाखवलं, ती म्हणाली ताईंना आधी इकडे बोलवा. मीही तेच म्हणतो. आमच्याकडे दोनच खोल्या आहेत, पण मी बाहेरच्या खोलीत झोपेन.

आता तू चिडशील तरी सांगतो, मी तो प्लॅन सगळ्यांच्या भल्यासाठीच आणला होता. मी दिवसाला दोनशे घरांचे विजेचे मीटर वाचणारा माणूस. लोक न वापरलेल्या गोष्टीचे किती पैसे भरतात ते मला रोज दिसतं. पाच वेगळी बिलं म्हणजे पाच वेळा लूट, असं माझं गणित होतं. ते चुकलेलं नव्हतं.

रविवारी फोनच्या दुकानात तासभर रांगेत उभा राहिलो. काउंटरवरची मुलगी बोलायला नीट होती. तिने नंबर टाकून पाहिला आणि सांगितलं, हा नंबर ज्यांच्या नावावर बिल आहे त्यांचा. मी म्हटलं, अहो, माझी बहीण तो एकोणीस वर्षं वापरतेय, प्लॅनच्या आधीपासून. ती म्हणाली, प्लॅनमध्ये येताना ताईंनी सही करून तो त्यांच्या नावावर दिलाय. फॉर्म दाखवला. सही तुझीच आहे. तुझ्यापुढे तो फॉर्म मीच धरला होता, हे मला आठवतंय, आणि इथे सही कर म्हणून बोट ठेवणाराही मीच होतो. नंबर परत तुझ्या नावावर करायचा तर भावोजींनी स्वतः येऊन सही करायला हवी. आणि तो थांबवल्यापासून नव्वद दिवसांत काही झालं नाही, तर नंबर सुटतो आणि दुसऱ्या कोणालाही दिला जातो.

तोपर्यंत माझं ऐकशील तर नव्या नंबरावर उगाच खर्च करू नकोस. इंटरनेटचा मोठा पॅक घेऊ नकोस, तू वापरतेस कितीसं, आणि लागलंच तर लाँड्रीवाल्या बाईंचं वायफाय माग. फोन फुकट देतो म्हणतील तर सरळ हात जोड, ते दोन वर्षं बिलातून वसूल करतात. आणि नव्या नंबराच्या चिठ्ठ्या छापून घे ना. शंभर चिठ्ठ्या छापायला कितीसे पैसे लागतात?

माया कमी करू नकोस. मी धडपडतो आहे.

तुझा,
चिक्कू


२० फेब्रुवारी

चि. चिक्कूशेठ,
आशीर्वाद आहेतच, पण आज जरा कमी.

शंभर चिठ्ठ्या कसल्या रे? गेल्या आठवड्यात मी पिशवीत चिठ्ठ्या घालून दारोदार फिरले. सहा दिवसांत एकतीस घरं झाली. त्यांतल्या नऊ जणींनी घरं बदललीत, चौघींनी मशीनं विकलीत. ज्यांना विकली त्यांच्याकडेही खणात माझीच चिठ्ठी आहे, पण ती घरं मला कुठून सापडणार? माझ्याकडे कोणाची यादी नाही. त्यांच्याकडे माझा नंबर होता, म्हणून मला कधी यादीची गरज पडली नाही. पाय असे सुजलेत की चपलेचा पट्टा लागत नाही.

आणि तुझ्या स्वस्त नंबराचंही ऐक. तो महिन्याचा पॅक अठ्ठावीस दिवसांत संपतो. वर्षाला तेरा महिने भरायचे. आधी घेतलेला दहा दिवसांचा पॅक मधेच संपला तेव्हा दोन दिवस फोनच आला नाही, मला वाटलं कोणी करतच नाहीये. तुझ्यासारख्या मीटरवाल्याच्या नजरेतून हे कसं सुटलं?

आता घर का सोडलं ते लिहिते, म्हणजे तुझं गणित पुरं होईल. तुझे भावोजी हात उगारत नाहीत, पीत नाहीत, माणूस शांत आहे. गोदामात आवक-जावक लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ती यादी घरी यायला लागली आणि त्यांना घरीही आवक-जावक सापडली. आधी पेन्सिलीने खुणा करायचे. मग चहा पिताना विचारायला लागले, मंगळवारी सव्वाअकराला अकरा मिनिटं कोणाशी बोललीस. मी सांगायचे, खालचा दोरा गुंततो तो कसा सोडवायचा हे फोनवर समजवायला अकरा मिनिटं लागतात. ते म्हणायचे, बरं. आणि दुसऱ्या दिवशी पुढची ओळ. पुढे पुढे मी घड्याळ बघून बोलायला लागले. चार मिनिटं झाली की बाईला मधेच तोडायचे. बायांना वाटलं, हिला शिंगं फुटली.

मग त्यांनी यादीतल्या नंबरांवर स्वतः फोन करून खात्री करायला सुरुवात केली. कोपऱ्यावरचे म्हातारे शिंपीकाका, मला मुलीसारखं मानणारे, त्यांना यांनी विचारलं की तुम्ही माझ्या बायकोला आठवड्यातून तीनदा फोन का करता. काकांची चार मशीनं आहेत, दुसरं काय कारण असणार? त्यानंतर काकांनी मला कधी बोलावलं नाही. एका सोमवारी रस्त्यात भेटले तर मान खाली घालून गेले. मला इतकी शरम वाटली की त्याच सोमवारी मी पिशवी भरली.

तुझ्यावर मी चिडलेय, हे खरं आहे. तुझ्याकडे येणार नाही, कारण तुझ्या गावात माझी एकही चिठ्ठी नाही. तू एकदा त्यांना भेट. तुझं ते ऐकतात. पाया पडायला लागलं तरी चालेल, पण ती सही घे.

रागावले तरी मी तुझीच,
ताई


९ मार्च

ती. ताईस,
नमस्कार. तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून बरं झालं की हे पत्र आहे.

शनिवारी भावोजींकडे गेलो. रस्ताभर काय बोलायचं ते घोकत होतो. मारामारीची तयारी करून गेलो होतो म्हण. त्यांनी दार उघडलं, माझी पिशवी घेतली, चहा स्वतः केला. घर लखलखीत. तुझी हत्यारांची मोठी पेटी जिन्याखाली होती तशीच आहे, तिच्यावर त्यांनी जुनी चादर घातलीय, धूळ बसू नये म्हणून.

मी विषय काढला. ते म्हणाले, मी नंबर बंद केलेला नाही, थांबवलाय. त्याचे पैसे दर महिन्याला भरतोय. मग फाइल आणून चार वर्षांची बिलं दाखवली, ओळीने लावलेली. म्हणाले, सही द्यायला माझी ना नाही. ती घरी येऊ दे, आम्ही दोघं मिळून दुकानात जाऊ. मी म्हटलं, ती नाही आली तरी सही करता येते. ते म्हणाले, तिचं काम आहे, ती नको का? ताई, त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. माझं सगळं घोकलेलं पाण्यात गेलं. निघताना त्यांनी मलाच विचारलं, जेवते ना ती वेळेवर? आणि मी, गाढव, हो म्हणालो.

पुन्हा दुकानातही गेलो. वरच्या साहेबांना भेटलो. त्यांनी तक्रारीचा अर्ज घेतला, शिक्का मारला आणि सांगितलं की उत्तर नियमाप्रमाणेच येईल. पोलीस चौकीत गेलो, तिथले हवालदार म्हणाले, नवऱ्याने बायकोच्या फोनचं बिल भरणं हा गुन्हा नाही. वकिलांनी सांगितलं, दावा चालेल, पण नव्वद दिवसांत निकाल लागणार नाही. मी हात टेकले.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती. प्लॅन घेताना दुकानदाराने मला सांगितलं होतं, चारच नंबर आणलेत तर प्रत्येकाचे पैसे पडतील, पाचवा आणलात तर तुमचा स्वतःचा नंबर कायमचा फुकट. पाचवा नंबर तुझा होता. तू नको म्हणत होतीस, तुझा वेगळा चालला होता, आणि मी तुला दोन दिवस भंडावून तयार केलं. चार वर्षं मी फुकट बोललो, ताई. प्रत्येक वेळी बिल आलं की मनात खूश व्हायचो.

आता ठरवलंय. पुढच्या महिन्यात मी आणि बायको या प्लॅनमधून बाहेर पडतो. मुदतीआधी सोडल्याचा दंड भरावा लागेल तो भरीन. निदान एवढं तरी माझ्या हातात आहे.

क्षमा करशील तेव्हा कर, घाई नाही.

तुझाच,
चिक्कू


५ एप्रिल

चि. चिक्कूस,
ताईचे पहिल्याइतकेच आशीर्वाद.

गेल्या बुधवारी मी घरी परत आले. तुला आधी कळवलं असतं तर तू धावत आला असतास आणि मग माझा पाय निघाला नसता, म्हणून आज लिहिते. आज लाँड्रीत मशीन बघायला आलेय, बसून हे लिहायला बाईंनी त्यांचं इस्त्रीचं टेबल रिकामं करून दिलंय.

मार्चभरात मी किती दुरुस्त्या केल्या सांगू? सात. गणवेशांच्या दिवसांत मी एका दिवसात सात करते. भाडं थकलं होतं. बाईंनी तगादा लावला नाही, पण त्यांनाही घर आहे. आणि नव्वद दिवसांतले चौसष्ट संपले होते. रोज सकाळी उठले की मी तेच मोजायचे. माझा नंबर कुणातरी अनोळखी माणसाला मिळालाय आणि माझ्या बाया त्याला विचारतायत की मशीन का अडतंय, हे मला डोळ्यांसमोर दिसायचं आणि रडू यायचं. शेवटी पिशवी भरली.

यांनी दार उघडलं, पिशवी घेतली. त्यांनी दुकानात फोन केला आणि दुपारपर्यंत नंबर चालू झाला. संध्याकाळपर्यंत सेहेचाळीस फोन. एक बाई फोनवर रडायलाच लागली, म्हणाली मला वाटलं तुम्ही गेलात. परवा शिंपीकाकांकडे स्वतःहून जाऊन चारही मशीनं साफ करून आले. त्यांनी पैसे दिले, माझ्याकडे पाहिलं मात्र नाही.

सहीचं विचारशील. रविवारी दुकानात गर्दी असते, पुढच्या महिन्यात बघू, असं म्हणाले. मी बरं म्हटलं. पुढच्या महिन्यातही मी बरंच म्हणेन, हे मला आताच माहीत आहे. यादी आज सकाळी आली. अजून पेन्सिल घेतलेली नाही, पण पाकीट फोडून टेबलावर ठेवलंय.

आता माझं नीट ऐक. तू मला फोन करत जा, आता काही हरकत नाही. मी हसेन, तुझ्या मुलांची चौकशी करेन, गणवेशांचं सांगेन. तू दुसरं काही विचारू नकोस, घरात हे शेजारीच असतात. विचारायचं असेल ते लिहून इथे लाँड्रीच्या पत्त्यावर पाठव, बाई कपड्यांच्या गठ्ठ्यात ठेवतील आणि मी मशीन बघायला आले की घेईन.

तुझ्या फुकट बोलण्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. मला कळलं असतं तरी मी तेव्हा तुला बोलू दिलं असतं. तू माझा धाकटा भाऊ आहेस, तुझा कंजूषपणा मी लहानपणापासून लाडाने वाढवलाय.

फक्त एक कर. तू त्या प्लॅनमधून बाहेर पडू नकोस. दंड भरायची तयारी ठेवली होतीस, ते पोचलं मला, पण नको. यादीत घरच्या पाच नंबरांवर ते खूण करत नाहीत. तू बाहेर पडलास की तुझा नंबर परका होईल, आणि भावाशी किती मिनिटं बोलले आणि काय बोलले, याचाही हिशेब मला चहाच्या वेळी द्यावा लागेल.

तुझी,
ताई