वडिलांच्या रायफलीचा घासला गेलेला नंबर

मी, निवृत्त टर्नर, वय एकाहत्तर, हे माझे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती. राग आजही आहे, पण या वेळी खाडाखोड कमी आहे.

१. राहते घर भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला, द्यावे. वरच्या खोलीचे दार जरा उचलून ढकलल्याशिवाय लागत नाही. सुतार बोलावू नये, सवय करून घ्यावी.

२. लेथची सगळी अवजारे कारखान्यातल्या जुन्या फिटरला. मायक्रोमीटर त्याने सहा वर्षांपूर्वी "उद्या आणून देतो" म्हणून नेलाच आहे. तो आता त्याचाच.

३. धाकट्या भावाला मी काहीही देत नाही. एक खिळासुद्धा नाही. कारण शेवटी लिहिले आहे, तोवर कोणी मध्ये बोलू नये.

४. जुन्या लष्करी बंदुका. यंत्रे बसवण्याच्या कामानिमित्त मी पाच देश फिरले आणि रीतसर कागद करून तीन बंदुका आणल्या. एका देशात शंभरी ओलांडलेली बंदूक जुन्या कपाटासारखी विकत मिळते. दुसऱ्यात नळीला आरपार भोक पाडून कायमची निकामी केल्याशिवाय हातात देत नाहीत. आपल्याकडे परवाना, भिंतीत बसवलेली तिजोरी आणि दरवर्षी तपासणी. प्रत्येक ठिकाणचा साहेब मात्र एकच विचारतो, "बाई, हे सगळं तुमच्या मिस्टरांचं का?" मी लग्नच केलेले नाही. या तिन्ही संग्रहालयाला द्याव्यात, कागदांसह.

५. वडिलांची रायफल. ती घरात नाही. अकरा वर्षे परवाना कार्यालयाच्या कोठडीत पडली आहे. वडिलांच्या जन्माआधी घडवलेली ही रायफल युद्धात त्यांच्या खांद्यावर होती आणि निवृत्तीच्या वेळी सैन्याने त्यांना दिली. क्रमांक ४४१७, त्यांच्या सैन्यातल्या सेवापुस्तिकेत नोंद आहे. जुनी बंदूक तेलाच्या फडक्याने पुसतात, घासत नाहीत. पण धाकटा पडला फर्निचरचा पॉलिशवाला. वडिलांच्या जन्मशताब्दीच्या आदल्या दिवशी माझ्याच मागच्या खोलीत बसून त्याने पॉलिश पेपरने लाकूड, लोखंड सगळे लख्ख केले. त्यात नंबरही गेला. पुढच्याच तपासणीत साहेबांनी रायफल उचलून नेली. बिननंबरी शस्त्र कुठल्याच देशात चालत नाही. बाकी कशातही न जुळणारे कायदे इथे मात्र जुळले!

कार्यालयाचे म्हणणे एवढेच, की नंबर कसा गेला ते दोघांनी खरेखरे लिहून द्या, नवा नंबर ठोकून परत देतो. धाकटा म्हणाला, "ताई, मी लिहितो. पण घासायला कोणी सांगितलं, ते आधी तू लिही." मी म्हटले, "लाज नाही वाटत तुला?" तेव्हापासून आमचे बोलणे बंद. मी एकटीने त्या कार्यालयाच्या पायऱ्यांवर चपला झिजवल्या. आता नोटीस आली आहे: महिनाअखेरीस सगळी बिननंबरी शस्त्रे वितळवणार.

६. म्हणून लिहिते. त्याला मीच सांगितले होते. "उद्या पाहुणे येतील, बाबांची बंदूक आरशासारखी दिसली पाहिजे," हे माझे शब्द. जन्मभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी दुसऱ्यांना बोल लावणारी मी, "नंबराजवळ जपून" एवढे सांगायला विसरले. चूक माझी आहे. हे लिहायला अकरा वर्षे लावली याची मला लाज वाटते. या कलमाची प्रत आजच कार्यालयात द्यायची आहे. रायफल सुटली तर माझ्यामागे भाचीला द्यावी. ती राहते त्या देशात शंभरीपुढच्या बंदुकीला परवाना लागत नाही. नंबर लागतो.

७. आता कलम तीनचे कारण. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. कलम सहाला मला धाकट्याशिवाय दुसऱ्या कोणाची साक्ष नको आहे.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: ११ मार्च २०२४, सोमवार, सकाळी साडेअकरा

(सही) लिहून देणार

साक्षीदार १: (सही) शेजारचे कंपाउंडर

साक्षीदार २: (सही) धाकटा भाऊ, पॉलिशवाला
सहीखाली त्याच्या अक्षरात: नंबर मी घासला. ताई, कार्यालयात कागद एकपर्यंतच घेतात. चपला घाल, निघू.