पुलाच्या तोंडावरचं घर

रज्जब ३, सोमवार

पूल झाला! शेवटचा दगड बसला आणि मी घोड्यावरून उतरून पायीच पलीकडे गेलो. गुडघा बोंबलत होता — बोंबलू दे. परत वळतो तर समोरून एक धनगर मेंढरं घेऊन येत होता. शिपाई त्याला अडवायला धावले. ओरडलो, "येऊ द्या रे! माझ्यासाठी बांधलाय का हा?" मेंढरांनी माझ्या नव्या अंगरख्याला अंग घासत पूल ओलांडला.

इतकी वर्षं या सीमेवर धूर आणि धूळ खाल्ली. सुलतानाने तलवार दिली, जहागीर दिली, पण पूल अल्लाने करवून घेतला. त्याचे उपकार कुठल्या तोंडाने मानू?

रज्जब ५

मुसाफिरखाना उघडला. माझा नियम — येईल त्याला तीन दिवस रस्सा, भाकरी आणि अंथरूण. नाव, गाव, धर्म विचारायचा नाही. विचारायचंच तर चौथ्या दिवशी. फेर्हातचं तोंड वाकडं. माझा कारभारी आहे, त्याला फुकट काही दिलं की पोटात दुखतं. "आणि चोर आला तर, बेग?"

"चोराला भूक लागत नाही का?"

रस्सा मात्र तोच पहिला चाखून आला.

रज्जब ९, रविवार

आज माझ्या घराच्या भिंती पुऱ्या झाल्या. आता नुसतं छप्पर. पुलाच्या तोंडाशी, चढावर. वरच्या खोलीत खिडकी कुठे ते मी स्वतः उभा राहून ठरवलं — इस्तंबूलची वाट, नदी, मशीद, बाजार, सगळं एका नजरेत. आयुष्य बराकीत आणि तंबूत गेलं. स्वतःच्या घराची ही पहिलीच खिडकी! गवंड्यांसमोर लहान मुलासारखा हसत होतो. हसेनात का मला.

मशिदीचा घुमटही महिन्याभरात बसेल. रमजानच्या आधी पहिला जुम्मा व्हायलाच हवा. जुम्म्याचा, शुक्रवारचा नमाज नाही तोवर हे गाव नुसतं गाव. तो झाला की शहर. मला शहर बघून मरायचं आहे.

रज्जब १०

झालं! माशी शिंकली!

काझी शुजा सकाळी मशीद बघायला आले. एक कोपरा धरून उभे राहिले, हलेनात. "बेगसाहेब, ही भिंत कोणाच्या परसात आहे?"

फेर्हातकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघायला लागला. त्या कोपऱ्यात एका विधवेची आलुबुखाराची झाडं होती — स्तोयना नावाची म्हातारी, ख्रिस्ती. झऱ्याचं तोंडही तिच्याच जागेत. या शहाण्याने झाडं तोडून पाया घातला. "एकटी म्हातारी, बेग. कोण विचारणार?"

काझी म्हणाले, "अल्ला विचारणार. बळकावलेल्या जागेवर नमाज होत नाही. बळकावलेल्या पाण्याने हातपाय धुतले तर वजूही होत नाही."

"मी तिला पैसे देतो."

"घेईल तर द्या. नाहीतर जागेला जागा. पण तिने माझ्यासमोर स्वतःच्या तोंडाने 'राजी आहे' म्हटलं पाहिजे. तुमचा शिपाई मागे उभा असताना नाही."

फेर्हातला नको नको ते बोललो. जोडा भिरकावला, तो भलत्यालाच लागला. काझीचा राग मात्र आला नाही. माझ्याच हाताखालचा माणूस, मला तोंडावर नाही म्हणतो — असा काझी नशिबाने मिळतो.

रज्जब ११

म्हातारीकडे गेलो. एकटाच. आधी तिच्या मधमाश्यांची चौकशी केली, मग हवापाण्याची.

"ताकाला येऊन भांडं लपवू नकोस, बेग," ती म्हणाली. "माझी झाडं तोडलीस. आता जागा मागायला आलास."

तिच्याच बोलीत सांगितलं, "झाडं चुकून तुटली. बदल्यात गिरणी घे."

"मला दात नाहीत. दळून काय करू?"

"नदीकाठचं कुरण?"

"मी काय गाय आहे?"

हसू आवरेना. मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "आमची बोली बरी येते तुला. आमची पोरं फौजेसाठी उचलून नेतात, तूही तसाच नेलेला ना? सुलतानाच्या माणसांनी, लहानपणी?"

मी हो म्हटलं.

"आईने काय नाव ठेवलं होतं?"

"मला बालाबान बेग म्हणतात."

"बरं. पाहुण्याला नाव विचारायचं नाही — तुझाच नियम आहे म्हणे." आणि माझ्यासमोर सुकवलेले आलुबुखार ठेवले. माझ्याच माणसांनी पाडलेल्या झाडांचे! गोड होते.

रज्जब १६

पुन्हा नाही म्हणाली. मळा नको, सोनं नको.

रज्जब २२

पुन्हा नाही. काम थांबलंय. पाथरवट समुद्रकाठचे, बर्फ पडायच्या आत घरी जायचं म्हणतात. फेर्हात कुजबुजला, "एक दिवस कोठडीत ठेवली तर..." त्याला म्हटलं, त्या कोठडीत आधी तू जाऊन बस. खरं सांगायचं तर हाच विचार पहाटे माझ्याही मनात येऊन गेला होता.

रज्जब २८, शुक्रवार

आज तिला चिडून म्हणालो, "माझं जे जे या गावात आहे त्यातलं बोट दाखवशील ते देतो. पण आज काय ते बोल!"

ती उठली, काठी घेतली आणि चालायला लागली. मी मागे. पुलापर्यंत आलो. तिने काठी उचलली ती सरळ माझ्या घराकडे!

"हे."

"हे माझं घर आहे!"

"बोट दाखवीन ते, असं म्हणालास. काठी चालणार नाही का?"

डोकं तडकलं. भर बाजारात तिच्यावर ओरडलो. ती ऐकत उभी राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "माझ्या पोराला, पावकोला नेलं तेव्हा तो एवढा होता," आणि कमरेपाशी हात धरला. "त्याला सांगितलं होतं, झऱ्यापाशी घर आहे, झाडांवरून ओळखशील. आता झाडं नाहीत. आला तर तो या पुलावरूनच येईल. मला पहिल्या खिडकीत बसायचंय."

किती वर्षं झाली, असं विचारलं. म्हणाली, "मोजत नाही. मोजणाऱ्या वेड्या झाल्या."

अशी मुलं परत येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मी तरी कुठे गेलो? पण तिला ते सांगायला जीभ रेटली नाही. घरी आलो — घरी कसलं, तंबूत.

शाबान १

दिलं.

शाबान ४

काझीसमोर ती "राजी आहे" म्हणाली, एवढ्या मोठ्याने की बाहेरची कबुतरं उडाली. मग काझीलाच दटावलं, "आणि त्या झऱ्याचं पाणी वाहू दे रे, हौदात कोंडू नका. शेवाळ धरतं."

फेर्हात हळहळत होता. "बेग, आता तुमच्या नावावर काय राहिलं?" पूल, गावच्या न्हाणीचा हमाम, मुसाफिरखाना आधीच अल्लाच्या नावाने वक्फ केलेलं, कोणालाही परत न घेता येणारं दान; काल गिरणी, मळा, कुरण आणि उरलं सोनंही त्यातच घातलं. मलाच नवल वाटलं. एक पेटी, एक घोडा, हा गुडघा. पण छाती हलकी झाली होती! छप्पर मात्र मी स्वतः उभा राहून घालून घेतलं. म्हातारी खालून ओरडत होती, "तिथे कौल वाकडं आहे!" होतंच वाकडं.

शाबान २६, शुक्रवार

पहिला जुम्मा.

काझींचा आवाज घुमटाला भिडला तेव्हा मी सगळ्यांत मागच्या रांगेत होतो. रडत होतो म्हणून मागे. वाहत्या पाण्याने वजू केला, तिच्या झऱ्याच्या. बाहेर आलो तर चांभार, लोहार, घोड्यांचे व्यापारी — माणसंच माणसं. पलीकडच्या खिडकीत म्हातारी बसली होती. माझ्याकडे न बघता वाटेकडे बघत होती.

शहर झालं! या अल्ला, मला एवढं देण्यासारखं तू माझ्यात काय पाहिलंस?

रमजान २

इस्तंबूलहून हुकूम. मला पदावरून काढलं. कारण दिलेलं नाही, ते कधीच देत नाहीत. दरबारात कुणाचं तरी पारडं फिरलं असेल. पुढचा हुकूम येईतो इथेच थांबायचं, आणि माझी मालमत्ता जप्त.

रमजान ६, रविवार

जप्तीचा अंमलदार आला. बिचारा दिवसभर शहर हिंडला. पूल? वक्फ. हमाम? वक्फ. गिरणी? वक्फ. मग कुणीतरी त्याला पुलाच्या तोंडावरचं घर दाखवलं. दारात म्हातारी, हातात डाव. "घर माझं आहे. काझीला विचार. आणि पाय पुसून बोल."

त्याने माझी पेटी आणि घोडा नेला. मला हसू फुटलं, त्याला वाटलं माझं डोकं फिरलं. घर माझं असतं तर आज त्यावर कुलूप असतं! म्हातारे, तुझे उपकार.

गाठोडं घेऊन मुसाफिरखान्याकडे निघालो. आता मीही मुसाफिरच. पुलावर म्हातारीने अडवलं.

"तिकडे कुठे? घर नाही का?"

"ते तुझं आहे."

"म्हणून तर बोलावते! माझ्या घरी कोणाला ठेवायचं ते मी ठरवीन."

रमजान ७

वरच्या खिडकीत बसलो. जागा मी चांगली निवडली होती.

ती उपास करत नाही, पण माझ्यासाठी दिवसभर चुलीवरचं झाकण उघडलं नाही, वास येऊ नये म्हणून. संध्याकाळी खालून हाक, "बघ रे, बुडाला का तुझा सूर्य?" बुडाल्यावर घेवड्याचा रस्सा, गरम भाकरी, आलुबुखाराचं सरबत. राजवाड्यात जेवलोय मी. असं नाही जेवलो.

रमजान ८

वाटेवरून कोणी आलं की आम्ही दोघंही बघतो. तो नसतो. ती पुन्हा घेवडा सोलायला लागते.

रमजान ९

चौथा दिवस. सकाळी समोर येऊन बसली. "आता नाव सांग. शिक्क्यावरचं नको. आईने ठेवलेलं."

पन्नास वर्षांत ते माझ्या तोंडून निघालं नव्हतं. सांगितलं — "ओस्तोया."

तिने हातातला घेवडा खाली ठेवला. म्हणाली, "म्हणजे तुझ्याआधीची पोरं जगली नव्हती रे तुझ्या आईची. पोरं जाऊ लागली की आमच्यात हे नाव ठेवतात. हा तरी राहू दे म्हणून."

हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.