मागे घेता येईल एवढी जागा

१४ नोव्हेंबर, शनिवार

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. त्याआधीचंही मिळालं होतं. आम्ही दोघं बरी आहोत. बाबांचा खोकला कमी आहे, गुडघा तसाच. फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. वहिनी फोन स्पीकरवर ठेवतात आणि मला खोलीभर माणसांपुढे बोलल्यासारखं होतं. लिहून बरं पडतं.

तू विचारलंस, एवढं काय काम असतं. आमच्या सर्व्हर रूममध्ये खरी यंत्रं थोडी, पण त्यांच्या पोटात पुष्कळ व्हर्च्युअल, म्हणजे नुसती सॉफ्टवेअरची, मशीनं चालतात, बहुतेक लिनक्स नावाच्या प्रणालीवर. त्या सगळ्यांना जागा वाटून देणारं एक सॉफ्टवेअर असतं. ऑफिसने ते बदलायचं ठरवलंय, म्हणून सगळी मशीनं जुन्यावरून नव्यावर न्यायची आहेत. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे भाडेकरू तेच, घरमालक नवा."

"हो, साधारण तसंच."

"मग टेम्पो कधी येणार?"

टेम्पो नाही, केबलमधून जातात, म्हटलं. त्यावर बराच वेळ हसत होते. बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून तुला कळवते.

नेणं सोपं असतं. वेळ जातो तो तयारीत. नव्या जागी डिस्क आणि नेटवर्क कार्ड वेगळं दिसतं. त्यांचे ड्रायव्हर, म्हणजे ती ओळखायला लागणारी छोटी सॉफ्टवेअरं, मशीन जुन्या जागी चालू असतानाच, त्यात घालून ठेवावे लागतात. तिकडे गेल्यावर बघू म्हणून चालत नाही, कारण मग तिकडे ते उठतच नाही. सध्या एकामागून एक हेच करतेय. डोळे चुरचुरतात. जेवणाच्या सुट्टीत टेबलावर डोकं टेकते, झोप लागत नाही.

गुरुवारी दुपारी पगाराचा हिशोब करणाऱ्या मशीनची चाचणी घेतली. ते कित्येक वर्षं बंदच केलं नव्हतं, त्यामुळे बंद केल्यावर पुन्हा उठतं का हेच कुणाला ठाऊक नव्हतं. त्याची एक प्रत नव्या जागी सुरू केली. काळ्या पडद्यावर एक ओळ आली आणि तिथेच थांबलं. डिस्क सोबत आली होती, शाबूत होती, फक्त नव्या जागी तिचं नाव बदललं होतं आणि हे जुन्या नावाने शोधत बसलं होतं. बिघडलं नव्हतं. वाट बघत होतं.

शेजारच्या टेबलावरचे एक जण आहेत, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. ते म्हणाले, "नुसती बघत काय बसलीस? कर की दुरुस्त."

केलं. एवढंसं काम होतं.

घरीही मी एक चाचणी केली होती, ती तुला सांगितली नाही. तुझ्याकडे बाथरूम पलंगाच्या उजवीकडे आहे, इथे डावीकडे. बाबा तुझ्याकडे राहायला येणार, त्यांना आधीच सवय व्हावी म्हणून पुढच्या खोलीत पलंग तुझ्याकडच्यासारखा लावला. नीट चाललं होतं. मग गेल्या रविवारी दुपारी ते झोपेतून उठले, भिंतीकडे हात केला आणि म्हणाले, "अगं, चष्मा दे जरा."

मला ते बाई म्हणतात, तुला माहीत आहे. अगं म्हणत नाहीत.

मी गेले नाही. त्यांचं त्यांना कळेपर्यंत ओट्याशी उभी राहिले. थोड्या वेळाने त्यांनीच चष्मा शोधला आणि म्हणाले, "बाई, चहा टाकतेस?"

चहा घेताना त्यांनी विचारलं, "मी तिकडे गेल्यावर हे घर सोडणार ना तुम्ही?"

मी त्यांच्या बशीत चहा ओतला.

"जन्मभर बस चालवली मी. अनोळखी गल्लीत गाडी घालायची तर आधी बघायचं, मागे घेता येईल का. येत असेल तर खुशाल घालायची." मग म्हणाले, "तुमच्या त्या मशीनांची जुनी जागा लगेच पुसता का?"

नाही, म्हटलं. बंद करून तशीच ठेवतो. नव्या जागी नीट चाललंय अशी खात्री झाली की मग पुसतो.

"मग माझीच पुसायची एवढी घाई का?"

तुझ्या पत्रांना उत्तर दिलं नाही ते यामुळे. बाबांना तू ने. दिवसभर एकटे दाराकडे बघत बसतात, तुझ्याकडे माणसं आहेत. यात माझा रुसवा नाही. पण महिनाअखेर घर सोडून मी ऑफिसजवळ खोली घ्यावी असं तू लिहितोस, ते होणार नाही.

आई गेली. हे मी अजून कुठे लिहिलं नव्हतं. रजेच्या अर्जावरसुद्धा 'घरगुती कारण' असंच लिहिलं. तिचं कपाट तसंच आहे. आवरते आवरते म्हणत रोज कामावर जाते. साहेब म्हणतात, हे हलवाहलवीचं संपलं की मोठी रजा घे. त्या रजेत कपाट उघडेन. ते या घरात असतानाच उघडायला हवं.

घरमालकांशी बोलले. आम्ही राहतोय, म्हटलं. 'आम्ही' का म्हटलं कोण जाणे.

उद्या पगाराचं मशीन खरोखर हलवायचंय. पुढच्या रविवारी तू ये. पलंग खिडकीशी लाव, चष्मा उजव्या हाताला ठेव. आणि वहिनींना सांग, दुपारी उठल्यावर बाबांनी 'अगं' म्हणून हाक मारली तर लगेच ओ देऊ नका. थोडं थांबा. त्यांचं त्यांना कळतं.

त्यांचा इथला पलंग मी पुन्हा जुन्या जागी लावला आहे. तो तिथेच राहील.

इथेच असलेली,
तुझी धाकटी