आईचे बाबा

कियारुई, न्येरी
७ नोव्हेंबर

प्रिय किहारा,

मोंबासाच्या उकाड्यात अजून वितळला नसशील अशी आशा करते. इकडे आम्ही पहाडातली माणसं थंडीने काकडतोय, पण धडधाकट आहोत. चहा यंदा बरा आहे. पानं खुडून खुडून माझी बोटं काळी पडलीत. तांबडी गाय व्यायली, कालवड झाली. तिचं नाव तुझ्या बायकोवरून ठेवणार होते, पण म्हटलं, उगाच भांडण कशाला.

फोन असताना ही बया पत्र कसलं लिहिते, असं म्हणत असशील. सांगते. जरा दम धर.

तुझा निरोप मिळाला. नाताळला गाडी घेऊन येणार, आईला कायमची तुझ्याकडे नेणार. तिच्यासाठी खोली रंगवलीस म्हणे, समुद्राच्या बाजूची. वाचून बरं वाटलं रे.  तरी चार दिवस उत्तर द्यायचं टाळलं. आज लिहायला बसले, तर गाय न् कालवड लिहीत बसलेय.

आधी रेकॉर्डिंगचं सांगते. चर्चच्या दवाखान्यातली नर्स म्हणाली, "आजींना जुन्या गोष्टींबद्दल बोलतं करा, फोनवर रेकॉर्ड करा आणि त्यांनाच ऐकवा. आपला आवाज ऐकला की त्या जरा सावरतील." मला वाटलं, शहरी फॅड. पण खरंच सावरली. दुपारी चुलीपाशी बसवून हातात आंबिलीचा वाडगा दिला, की सुरू. लग्नाची गोष्ट तर तीनदा सांगितली. आपल्या बापाकडच्या आज्याने मागणीच्या वेळी बकऱ्या आणल्या, त्यातला एक बोकड लंगडा निघाला. "मी तेव्हाच ओळखलं, घराणं कसंय ते," म्हणाली आणि स्वतःच इतकी हसली की आंबील सांडली. मला म्हणाली, "तू कुणाची गं? हसतेस छान." मी म्हटलं, तुझीच. "असशील," म्हणाली.

मी रोज त्या वेळेची वाट बघायची.

मग एकदा ती बोलत असतानाच तुझा फोन आला. मी स्पीकरवर घेतला. तू म्हणालास, "काय चाललंय? आई कुठंय?" एवढंच. तिने वाडगा खाली ठेवला. माझ्या तोंडावर हात दाबला आणि कुजबुजली, "बाबा आले. तू काही बोलू नकोस."

मी हसले. किहारा, मी हसले रे! का नाही हसणार? तू तिच्या वडिलांच्या नावाचा. जन्मापासून ती तुला बाबाच म्हणत आली, आपल्यात सगळ्याच आया म्हणतात तसं. तीन वर्षांचं शेंबडं पोर तू, आणि आई म्हणायची, "बाबा, नाक पुसा." आम्ही लोळून लोळून हसायचो. गेली दोन वर्षं ती फोनवर विचारायची, "बाबा, जेवलात का?" तू खूश व्हायचास. म्हणायचास, "बघ, बाकी सगळं विसरली, मला नाही विसरली." मीही तेच समजत होते. दुसऱ्या कुठल्या लोकांत आई मुलाला बाप म्हणायला लागली असती, तर पहिल्याच दिवशी दवाखान्यात नेली असती. आपण लाड समजलो.

फोन ठेवून वळले, तर आई पलंगाखाली. अंगाचं मुटकुळं करून, दात वाजत होते. लुगडं ओलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. मी हात पुढे केला तर म्हणाली, "मी सांगितलं नाही. आईची शपथ, मी काही सांगितलं नाही."  संध्याकाळपर्यंत ती बाहेर आली नाही.

पुढचं मला तिच्याकडूनच कळलं, तुकड्या-तुकड्यांनी. काही रेकॉर्डिंगमध्ये आहे, काही माझ्या हातून रेकॉर्ड करायचं राहून गेलं.

थेउरीमामा गोऱ्यांच्या राज्यातल्या आणीबाणीत गेला, एवढंच आपल्याला ठाऊक होतं. गोऱ्यांविरुद्ध लढायला तो रानात गेला होता, हे कधी कुणी बोललं नाही. कारण आजोबा, आईचे बाबा, गोऱ्यांच्या बाजूला होते. होमगार्ड. साहेबाने दिलेली बंदूक खांद्यावर आणि पोटचा पोरगा रानात! आई तेव्हा बारा वर्षांची. सरपणाच्या मोळीत उकडलेले अळूचे कंद खुपसून ती रानाच्या कडेला भावासाठी ठेवून यायची. आजोबांना वास लागला. त्यांनी तिला बकऱ्यांच्या गोठ्यात कोंडलं. रोज दारात उभं राहून एकच विचारायचे, "कुठे ठेवतेस? सांग." पोरीच्या तोंडाला कुलूप. नाहीच बोलली. पण ती कोंडलेली, म्हणून खाणं जाईना, आणि थेउरीमामा काही परत आला नाही. त्याचं हाडूकसुद्धा नाही मिळालं.

आता ईस्टर आठव. मला आठवायला नको वाटतं. पाहुणे यायचे होते, तू मुद्दाम बाजारातून कंद आणलेस, उकडून पातेल्यात ठेवले, आणि पातेलं रिकामं. आधी तू हसलास, मग चिडलास. तिचे दोन्ही दंड धरून म्हणालास, "कुठे ठेवलेस? सांग." ती मुसंडी मारून पळाली, चहाच्या मळ्यात पडली, मनगट मोडलं. तुला मी म्हटलं, चिखलात पाय घसरला. तू म्हणालास, "माझ्याकडे चोराकडे बघावं तशी बघत होती," आणि रुसून मोंबासाला गेलास तो गेलासच. चोर नव्हे रे. त्याहून वाईट कुणीतरी तुझ्यात बघत होती ती. आणि दैवाने तुला नावाबरोबर तोंडही आजोबांचंच दिलंय, तेच कपाळ, तोच घोगरा आवाज.

ती अजून कंद नेते. रानाकडच्या कुंपणाशी, शेवटच्या चहाच्या झुडपाखाली ठेवते. मी कुजलेले उचलते आणि ताजे तिथेच राहू देते. काय करू?

तर हे असं आहे. नाताळला तू गाडीतून उतरलास आणि तिला हाताला धरून बसवायला लागलास, तर काय होईल याचा विचारही करवत नाही. मळ्याखाली ओढा आहे. पळताना ती आता पायाखाली बघत नाही.

"येऊ नकोस" असं लिहायचं म्हणूनच कागद घेतला होता. तीन कागद फाडले. कारण परवा आणखी एक झालं.

तिचं तिलाच रेकॉर्डिंग ऐकवत होते, लंगड्या बोकडाचं. हसता हसता थांबली. दोन्ही तळहात माझ्यापुढे धरले आणि म्हणाली, "बाबा मरताना सगळ्यांच्या हातांवर थुंकले. सगळ्यांना आशीर्वाद दिला. मी रांगेत उभी होते. माझी पाळी आली आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं." मग तिने हात तसेच धरून ठेवले. आंबील थंड झाली तरी हात खाली घेईना.

मला राहवेना. मोठी माणसं आशीर्वाद देताना थुंकतात, तशी मी तिच्या तळहातांवर थुंकले, चार चांगले शब्द बोलले. तर फटकन् हात लुगड्याला पुसले आणि मलाच झापलं, "तू कोण लागून गेलीस आशीर्वाद देणारी? चहाची पानं खुड जा!"

बरोबरच आहे तिचं. माझा काय अधिकार? तुझा आहे. नाव तुझ्याकडे आहे. आपल्या रीतीने तू नुसता त्यांच्या नावाचा नाहीस, तू तेच आहेस. मला भीती वाटते, फार वाटते. ती किंचाळेल, पळेल, तिथल्या तिथे जीव सोडेल, काहीही होईल. नर्सला विचारलं तर म्हणाली, "खात्री कोण देणार, ताई?" पण हा धाक पोटात घेऊनच तिने मरावं, याची भीती मला त्याहून जास्त वाटते.

म्हणून ये. गाडी रस्त्यावरच ठेव. भर उजेडात समोरच्या वाटेने ये, तिला लांबून दिसशील असा. आई म्हणून हाक मारू नकोस, तिचे बाबा मारायचे तशी नावाने मार, वांगेची म्हण. तिच्यापासून दूर स्टुलावर बस. दंडाला हात लावू नकोस. काही म्हणजे काही विचारू नकोस, जेवलीस का हेसुद्धा नाही. फक्त सांग, "वांगेची, तू सांगितलं नाहीस, ते बरं केलंस." मग ती हात पुढे करते का बघ. केले, तर थुंक आणि आशीर्वाद दे. नाही केले, तर उठून निघून जा. मी चुलीपाशी असेन, दाराला कडी न लावता.

समुद्राच्या खोलीचं नंतर बघू. त्या दिवशी तुला आई मिळणार नाही, किहारा. लेकाला एवढ्या लांबून बोलावून आई द्यायची नाही, हे मागताना माझाच जीव तुटतोय. पुढे कधी ती तुला तू म्हणून ओळखेल, असंही खोटं सांगत नाही.

येणार असशील तर फोन करू नकोस. तुझा आवाज तिला आधी ऐकू यायला नको. नुसता ये.

वाट बघणारी तुझी ताई,
आणि तुम्ही त्या वाटेने आलात तर, आजोबा, तुमची नात,
न्याकिओ